चाक नेमके कुठे घासते?

एका बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या चाकांविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या जिप्सीने मला निदानाचा जो धडा पुन्हा गिरवायला लावला, तो व्यवसायबंधूंना सांगण्याजोगा आहे असे मला वाटते.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाताना मुख्य रस्ता सोडला, की पावसाळ्यात वाटेची खात्री उरत नाही. त्या भागातील शाळांतून मुलांच्या तपासणीसाठी आम्ही काही डॉक्टर अधूनमधून जातो. चाकोऱ्या खोल, मध्ये दगड. गाडीचे पोट वारंवार आपटे. म्हणून मी मागचेपुढचे शॅकल लांब बसवून जिप्सी दोन इंच उचलून घेतली आणि मूळच्या २०५/७० आर १५ टायरांच्या जागी २३५/७५ आर १५ चढवले.

माझे गणित सोपे होते. मूळ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, नव्याचा सुमारे ७३४. म्हणजे टायरचा माथा ३३ मिलिमीटर वर सरकणार. गाडी तर ५० मिलिमीटर उचललेली. जागा उरायलाच हवी! प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत पूर्ण वळण घेताना खरखर ऐकू आली आणि खड्ड्यात चाक उतरले की डाव्या बाजूने धप्प असा आवाज येऊ लागला. गाडीत माझ्यासोबत दोन सहकारी आणि एक परिचारिका होत्या.

मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि क्षणार्धात उपाय सांगितला : “डॉक्टर, अजून दोन इंच उचलूया. घासायचं थांबेल.” मी जवळजवळ होकार दिला होता. मग मनात आले, एखादी आई “बाळ फार रडते” एवढेच म्हणाली, तर मी लगेच औषध लिहितो का? केव्हा रडते, दूध पिताना की पिऊन झाल्यावर, कानाला हात लावते का, हे विचारल्याशिवाय माझे पेन उघडत नाही. गाडीला मात्र मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही तपासणीस बसलो. टायरांच्या कडांना खडू फासला. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. नंतर पुढचे एक चाक भक्कम लाकडी ठोकळ्यावर चढवले, म्हणजे एका बाजूचे पाटे दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे चाक खाली लोंबते. याही स्थितीत स्टिअरिंग पूर्ण फिरवले. मिस्त्री स्टिअरिंगवर, मी बाहेर विजेरी घेऊन. दोन्ही बाजूंची तपासणी झाल्यावर खडूने सारे सांगितले.

पहिली खूण पूर्ण वळणाची होती. टायर ३० मिलिमीटर रुंद झाला, त्यातला निम्मा आतल्या बाजूला गेला आणि त्याची आतली कड पाट्यांना घासू लागली. गाडी उचलून ही आडवी जागा वाढत नाही. दुसरी खूण मडगार्डच्या आतल्या कडेवर होती. उचललेली उंची ही उभ्या गाडीची उंची असते. खड्ड्यात पाटे दाबले गेले, की ॲक्सल रबरी बफरला टेकेपर्यंत वर येतो. तो बफर जुन्याच मापाचा असल्यामुळे ॲक्सल पूर्वीइतकाच वर येत होता. टायर मात्र मोठा झाला होता. माझे गणित चुकले ते इथे.

तिसरी गोष्ट आम्ही शोधत नव्हतो. डावे चाक लोंबत असताना स्टिअरिंग फिरवले, तेव्हा ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली गेली आणि टायरच्या कडेला टेकली. नळीवर घासल्याचा चट्टा स्पष्ट दिसत होता. गाडी आणखी दोन इंच उचलली असती, तर ती नळी आणखी ताणली गेली असती. कदाचित घाटातच तुटली असती. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही.

उपचार मग कारणानुसार ठरले. ब्रेकच्या चारही चाकांकडील व्यवस्था तपासून ताणलेल्या नळ्यांच्या जागी योग्य लांबीच्या बसवल्या. बफर उंच केले. स्टिअरिंगची मर्यादा ठरवणारा बोल्ट किंचित बाहेर काढला. वळणाचा घेर थोडा वाढला, ते सोसण्याजोगे आहे. चाक बाहेर सरकवणारे स्पेसर मी नाकारले, कारण त्यांनी आतली घासण थांबली तरी बाहेरची वाढू शकते आणि बेअरिंगवर भार येतो. मडगार्डही कापला नाही. उलट टायरच एक पायरी खाली आणून २१५/७५ आर १५ केले.

त्याला आणखी एक कारण होते. २३५ च्या टायरवर काटा साठ दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ च्या वेगाने धावत असे. आता तो फरक तीनवर आला आहे. मोठ्या चाकाने ब्रेकवरील ताणही वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत. असे काही करू इच्छिणाऱ्यांनी आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. मीही ती नंतरच केली, हे कबूल करतो.

बालकाला औषध त्याच्या वजनाप्रमाणे देतो, पालकांच्या हौसेप्रमाणे नव्हे. मोठ्या टायरांची मात्रा मात्र मी माझ्या हौसेने ठरवली होती. त्यानंतर कणकुंबीकडे दोनदा जाऊन आलो. खरखर नाही, धप्प आवाज नाही. तरीही निघण्यापूर्वी विजेरी घेऊन त्या नळीकडे एकदा वाकून पाहतो आणि मगच सहकाऱ्यांना गाडीत बसायला सांगतो.