शिक्षणासाठी चेंडू की चेंडूसाठी शिक्षण?

१९८२ सालची गोष्ट आहे. शिकागो शहरातील एका खासगी शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर, पावणेसात फूट उंचीचा एक तरुण येऊन बसू लागला. तो शिक्षक नव्हता, विद्यार्थी होता. त्याचे नाव केविन रॉस. हा कृष्णवर्णीय तरुण त्याआधीची चार वर्षे क्रेटन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होता. हायस्कूलमध्ये उत्तम खेळतो म्हणून शिष्यवृत्ती देऊन त्याला विद्यापीठाने आणले होते. चार वर्षांनी तो बाहेर पडला तेव्हा भाषेचे त्याचे ज्ञान चौथीच्या मुलाइतके होते आणि वाचन सातवीच्या मुलाइतके. पदवीसाठी १२८ श्रेयांक लागत होते, त्याने ९६ मिळवले होते. ते कोणत्या विषयांत? तर नेमबाजी आणि बास्केटबॉलचे सिद्धान्त यांसारख्या विषयांत! ही सारी माहिती कुणा टीकाकाराची नाही, न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे.

रॉसने विद्यापीठावर दावा लावला. १९९२ साली सातव्या सर्किटच्या संघराज्य अपील न्यायालयाने त्यावर निकाल दिला. चांगले शिकवले नाही म्हणून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क न्यायालयाने नाकारला. मात्र विद्यापीठाने ठरावीक मदतीचे वचन दिले असेल आणि ती मदत मुळीच दिली नसेल तर तो कराराचा भंग ठरू शकतो, एवढे दार उघडे ठेवले. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. कारण खेळाडू मुलाला शिष्यवृत्ती ही कृपा म्हणून मिळत नाही, तो एक सौदा आहे. मुलाने अंग द्यायचे, घाम द्यायचा, तारुण्याची चार वर्षे द्यायची आणि बदल्यात विद्यापीठाने शिक्षण द्यायचे. मुलाने आपली बाजू पाळली. विद्यापीठाने पाळली काय?

आजही अमेरिकेतील लाखो गरीब घरांत चेंडू ही कॉलेजची पायरी समजली जाते. कॉलेज क्रीडा नियंत्रित करणाऱ्या एनसीएए या संस्थेनेच कोरोना साथीपूर्वी दिलेल्या आकडेवारीनुसार हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणारी मुले सुमारे ५ लाख ४० हजार होती. त्यांपैकी एनसीएएच्या तिन्ही स्तरांवर मिळून पोहोचतात शंभरात साडेतीन. सर्वोच्च स्तरावर पोहोचतो शंभरात एक. मुलींची संख्या सुमारे चार लाख आणि पोहोचण्याचे प्रमाण शंभरात चार.

हे स्तर कोणते ते समजून घेणे अगत्याचे आहे. १९७३ पासून एनसीएएची तीन डिव्हिजनमध्ये विभागणी झाली. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजे आहेत. दूरचित्रवाणी, जाहिराती आणि पैसा तेथेच. तेथे बास्केटबॉलपटूला बहुधा फी, राहणे, जेवण, पुस्तके असा सगळा खर्च मिळतो. डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्तीचे तुकडे करून ती अनेकांत वाटतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी दमडीही देता येत नाही, मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या गरजेवर. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आहे. त्याखेरीज दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे आहेत. गुण कमी पडले किंवा खिसा रिकामा असला तर मुलगा तेथे जातो आणि दोन वर्षांनी मोठ्या कॉलेजकडे पाहतो.

कोण कोणत्या पायरीवर उभा राहणार हे केवळ गुणवत्तेवर ठरते, असा गोड समज आहे. १९९४ साली आलेल्या ‘हूप ड्रीम्स’ या माहितीपटाने त्याचा बुरखा फाडला. शिकागोच्या गरीब वस्त्यांतील विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही दोन कृष्णवर्णीय मुले. दोघांनाही चौदाव्या वर्षी उपनगरातील एका खासगी शाळेने बास्केटबॉलसाठी उचलले. दोघांनाही शिष्यवृत्ती अर्धवट होती. विल्यम चमकला, तेव्हा उरलेली फी भरायला एक धनिक पुढे आला. आर्थरची वाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही, आईवडिलांची कामे गेली, फी थकली आणि शाळेने वर्षाच्या मध्यावर त्याला घरी बसवले. तोच मुलगा पुढे वस्तीतल्या सरकारी शाळेकडून खेळला आणि १९९१ साली त्या शाळेला राज्यात तिसऱ्या क्रमांकापर्यंत घेऊन गेला! पण दरम्यान अभ्यासाचे नुकसान झाले ते झालेच. गुडघ्याच्या दुखापतीतून सावरलेला विल्यम मार्केट विद्यापीठात, म्हणजे थेट डिव्हिजन वनमध्ये गेला. आर्थर आधी मिसुरीतील ज्युनिअर कॉलेजात गेला आणि तेथून अर्कान्सास स्टेटमध्ये. दोघांच्या पायऱ्यांत अंतर पडले ते मैदानावर नव्हे, फीच्या खिडकीवर. आणि शेवटी एनबीएमध्ये दोघांपैकी एकही खेळला नाही.

मग खालची पायरी म्हणजे कमीपणा काय? इतिहास तसे सांगत नाही. जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण १९३३ साली कॅन्सस विद्यापीठात शिकायला गेला. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ तेथे प्राध्यापक होता. मॅक्लेंडन त्याच्याकडून खेळाचे शास्त्र शिकला, पण त्याच विद्यापीठाच्या संघात कातडीच्या रंगामुळे त्याला जागा नव्हती. पुढे तो प्रशिक्षक झाला. मोठ्या स्पर्धांची दारे कृष्णवर्णीय कॉलेजांना बंद होती. ती प्रथम उघडली एनएआयएने, १९५३ साली. आणि मॅक्लेंडनच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजने १९५७, १९५८, १९५९ अशी सलग तीन वर्षे एनएआयएचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले! ज्यांना वरच्या माडीवर प्रवेश नव्हता त्यांनी खालच्या दारातून येऊन आपली लायकी सिद्ध केली. पुढे एनबीए गाजवणारा स्कॉटी पिपेन हादेखील एनएआयएच्याच सेंट्रल अर्कान्सास कॉलेजातून आला.

मुलींची कथा याहून कठोर. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ साली झाला. मिसिसिपीतील शेतमजूर कुटुंबातली लुसिया हॅरिस त्याच सुमारास हायस्कूल संपवून डेल्टा स्टेट या लहानशा कॉलेजात गेली. संघात ती एकटी कृष्णवर्णीय होती. तिने कॉलेजला १९७५ ते १९७७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलमधला पहिला गुण नोंदवला. तिच्या काळी खेळून पोट भरण्याची सोय मुलींना अमेरिकेत जवळजवळ नव्हतीच. तिला आयुष्यभर आधार दिला तो शिक्षणाने. पुढे ती शिक्षिका आणि प्रशिक्षक झाली.

आता दाराच्या नियमांकडे येऊ. केविन रॉससारखी प्रकरणे चव्हाट्यावर येऊ लागली तेव्हा एनसीएएने १९८३ साली ‘प्रपोझिशन ४८’ संमत केला. डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षी खेळायचे तर हायस्कूलचे ठरावीक गुण हवेत आणि एसएटी परीक्षेत किमान ७०० गुण हवेत. १९८९ साली त्यापुढे जाऊन ‘प्रपोझिशन ४२’ आला: गुण अपुरे असतील तर खेळणे सोडाच, पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीही नाही. १४ जानेवारी १९८९ रोजी जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्यापूर्वीच मैदानातून निघून गेले. पुरुष बास्केटबॉलमध्ये एनसीएए डिव्हिजन वनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. ज्या मुलांच्या शाळाच निकृष्ट ठेवल्या गेल्या, त्यांना एका परीक्षेच्या आकड्याने हाकलून देणे हा न्याय नाही. या निषेधाचा परिणाम झाला आणि पुढच्या वर्षी नियम सौम्य करावा लागला.

परंतु याच प्रश्नावर थोर कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर अॅश यांनी उलट भूमिका घेतली. आपल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांचा अपमान आहे, अभ्यासाची अट घाला, मुले ती पूर्ण करतील, असा त्यांचा आग्रह होता. दोन्ही माणसे आपल्याच समाजाच्या हितासाठी बोलत होती. मग खरे कोण?

माझ्या मते दार बंद करू नका हे थॉम्पसन यांचे म्हणणे खरे होते आणि आत आल्यावर शिकवा हे अॅश यांचे म्हणणेही तितकेच खरे होते. व्यवस्थेने मात्र सोयीचे तेवढे उचलले. दारावर पहारा बसवला आणि आतला वर्ग रिकामा ठेवला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील शाखेत १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे कागदावरचे वर्ग चालले. ना तास, ना प्राध्यापक, एक निबंध द्या आणि उत्तम गुण घ्या. २०१४ सालच्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१७ साली एनसीएएने काय केले? आपल्या नियमांत हे बसत नाही म्हणून विद्यापीठाला शिक्षा केली नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर भिंग धरणाऱ्या संस्थेला अठरा वर्षांची फसवणूक दिसूनही नियम सापडला नाही! प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षेची अट अखेर २०२३ साली गेली. आज डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे सोळा मुख्य विषय आणि सरासरी २.३ गुणांक लागतो.

मध्यंतरी पैशाचा कायदाही बदलला. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द एनसीएएने १९५० च्या दशकात रूढ केला तो जायबंदी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये यासाठी, हे तिचे अनेक वर्षांचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली लिहून ठेवले. २०२१ साली अॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएची शिक्षणविषयक लाभांवरची बंधने मोडली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाऊस खटल्यातील तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हा विजय आहेच, तो कमी लेखू नये. पण हा पैसा सर्वोच्च पायरीवरच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मूठभरांकडे जातो. उलट २०२१ पासून खेळाडूंना कॉलेज बदलणे सोपे झाल्याने प्रशिक्षक हायस्कूलच्या कोवळ्या मुलाऐवजी दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू घेतात. ज्याला काल वरच्या पायरीवर जागा मिळाली असती तो आज एक पायरी खाली येतो.

म्हणूनच मुलाने आणि त्याच्या आईबापाने ‘कोणत्या डिव्हिजनमध्ये?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे, शिष्यवृत्ती किती वर्षांची? १९७३ नंतर जवळजवळ चाळीस वर्षे ती एकेका वर्षाचीच असे आणि प्रशिक्षकाच्या मर्जीवर तिचे नूतनीकरण होई, हे विसरू नये. मग विचारावे, गुडघा गेला तर शिक्षण चालू राहील काय? या संघातल्या किती मुलांनी पदवी घेतली आणि कोणत्या विषयात? सरावाच्या वेळी प्रयोगशाळेचा तास आला तर कुणाला महत्त्व? आणि जे सांगतात ते कागदावर लिहून देतील काय? रॉसचा खटला हेच शिकवतो. तोंडी आश्वासनाला न्यायालयात पाय नसतात.

शेवटी एका माणसाची आठवण. पेरी वॉलेस. नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचा खेळाडू आणि वर्गात पहिला आलेला विद्यार्थी. १९६६ साली टेनेसी राज्याची पहिली संमिश्र हायस्कूल स्पर्धा त्याच्या कृष्णवर्णीय शाळेने जिंकली. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि दक्षिणेच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधला बास्केटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू ठरला. मिसिसिपीत त्याच्या डोळ्यावर फटका बसला तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी आनंदाने आरडाओरडा केला. त्याने सगळे सोसले आणि १९७० साली अभियांत्रिकीची पदवी घेतली. व्यावसायिक संघाने निवडूनही तो एनबीएमध्ये खेळला नाही. कोलंबिया विद्यापीठातून, होय, बाबासाहेब जेथे शिकले त्याच कोलंबियातून, तो कायद्याचा पदवीधर झाला, सरकारी वकील झाला, कायद्याचा प्राध्यापक झाला. २०१७ साली तो गेला तेव्हा त्याच्यामागे विद्यार्थ्यांच्या पिढ्या होत्या.

वॉलेस आणि रॉस, दोघांच्याही हातात चेंडू होता. दोघांनाही शिष्यवृत्ती मिळाली आणि दोघेही सर्वोच्च पायरीवर खेळले. एकाने चेंडूचे दार करून आत जाऊन वर्ग गाठला. दुसऱ्याला दारातच खेळवत ठेवले आणि चार वर्षांनी बाहेर काढले. दोष त्या मुलाचा नव्हता, ज्यांनी त्याला वर्गाचा रस्ता दाखवला नाही त्यांचा होता. गुडघा तीस वर्षांत झिजतो, टाळ्या त्याआधीच थांबतात. मिळवलेली विद्या मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही. गरिबाच्या मुलाला खेळू द्या, जरूर खेळू द्या. पण त्याच्या घामाची किंमत शिक्षणात मोजून घ्या आणि ती घेतल्याशिवाय सही करू नका.