वाजतो तो वॉकमन

जुन्या वॉकमनची मागची बाजू उघडली आणि बोटांना डांबरासारखं काळं, चिकट काही लागलं, की समजायचं, बेल्ट गेला. मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा हा रबरी पट्टा आगकाडीएवढाही जाड नसतो. वीस-तीस वर्षं पडून राहिला की सैल पडतो, नाहीतर वितळून पुलीला चिकटून बसतो. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो थर काढत राहायचं. यात तासभर सहज जातो. वॉकमन जमवणाऱ्यांचे दोन पंथ इथेच वेगळे होतात.

पहिल्या पंथाला वस्तू कारखान्यातून निघाली तशी हवी असते. खोका, माहितीपत्रक, स्पंजचे हेडफोन, सगळं त्याच काळातलं. त्यांचं दैवत म्हणजे सोनीचा टीपीएस-एल२. निळा-चंदेरी, ३९० ग्रॅमचा हा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीला आला. त्याला रेकॉर्डिंगची सोय नव्हती, हेडफोनची भोकं मात्र दोन होती. एकट्यानेच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, असं सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं होतं. नारिंगी बटण दाबलं की गाणं हळू होई आणि माइकमधून सोबत्याचं बोलणं कानात येई. सुरुवातीच्या नगांवर त्या दोन भोकांशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ असं छापलेलं होतं, पुढे तिथे ‘ए’ आणि ‘बी’ आलं. एवढ्या फरकासाठी संग्राहक चढी किंमत मोजतात. २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटात नायकाच्या कमरेला तो दिसला, आणि भाव आणखी चढले.

दुसरा पंथ ऐकणाऱ्यांचा. त्यांचा जीव डब्ल्यूएम-डी६सी वर. रेकॉर्डिंग करणारा हा जाडजूड वॉकमन क्वार्ट्‌झच्या आधाराने वेग धरून ठेवतो. म्हणूनच रेडिओचे वार्ताहर तो खांद्याला अडकवून हिंडत. वॉकमनच्या डीडी मालिकेवरही त्यांचं प्रेम, पण तिच्यातलं मधलं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकतं आणि प्रत्येक फेऱ्याला टक्‌ टक्‌ ऐकू येतं. आयपॉडवाले तरुण याच घराण्यातले. ते आतली हार्डडिस्क काढून मेमरी कार्ड बसवतात, नवी बॅटरी घालतात आणि रोज वापरतात.

मी दुसऱ्या पंथाचा. कॅसेटमधली टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ती सहा टक्के सावकाश चालली, तर काळी एकचा षड्ज पांढरी एकवर उतरतो. टेप ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झाला असेल तर तंबोऱ्याचा सूर डगमगतो. काचेमागच्या वॉकमनमध्ये हे दोष कधी कळतच नाहीत, म्हणून त्याला मी संग्रह मानत नाही.

आणि एक तक्रार. दोन्ही पंथ दुर्मिळ मॉडेलच्याच मागे. आपल्याकडे आखातातून सुटीवर आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून आले ते बहुतेक साधे प्लास्टिकचे सेट. त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून ते भंगारात जातात. खरं तर नाट्यगीतं, कीर्तनं, घरातल्या बारशाची रेकॉर्डिंगं ऐकली गेली ती त्यांच्यावरच. जपायचे असतील तर आधी हे जपावेत.

माळ्यावर असा एखादा असेल तर खाली काढा. पहिल्यांदा आतले सेल काढा. पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर दिसला तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा आणि कोरडं करा. बेल्ट बदलून घ्या. आणि आजोबांच्या आवाजाची कॅसेट लगेच घालू नका. आधी एखादी नको असलेली दोन्ही बाजूंनी वाजवून बघा, कारण बिघडलेला वॉकमन कॅसेट खातो.