निळ्या पेशींचा पेच

स्लाइडवर लहान, गोल, निळ्या पेशींची गर्दी दिसली की पॅथॉलॉजिस्टला पहिली गोष्ट कळते ती ही, की आता नुसत्या नजरेवर भागणार नाही. आमच्या शाखेत या चित्राला नावच 'स्मॉल राउंड ब्लू सेल ट्यूमर' असे आहे, आणि तिथून निदानाची केवळ सुरुवात होते. लिम्फोमा असा दिसतो, फुफ्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग असा दिसतो, मुलांमधला यूइंग सार्कोमा असा दिसतो. मेलॅनोमाही कधीकधी हेच सोंग घेतो. तुकडा सत्तरीतल्या माणसाच्या पापणीवरून, गालावरून किंवा दंडावरून आलेला असेल, तर या यादीत आणखी एक नाव न विसरता घालावे लागते. ते म्हणजे मर्केल सेल कार्सिनोमा. हा आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेत २०१३ साली दर लाख लोकसंख्येमागे ०.७ इतकेच नवे रुग्ण आढळले. पण त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगांत त्याची गणना होते, आणि तो थांबत नाही.

दिसायला ही गाठ फारशी भीतिदायक नसते. लालसर, कधी जांभळट, हाताला घट्ट लागणारी, वरची त्वचा बहुधा शाबूत. ती फक्त वाढते, आणि भराभर वाढते. २००८ साली अमेरिकेत १९५ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८८ टक्के रुग्णांना गाठीचा काही त्रासच नव्हता. ९० टक्के रुग्ण पन्नाशीच्या पुढचे होते. आणि निम्म्याहून अधिक वेळा बायोप्सी घेणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज 'साधी गाठ' असाच होता. सर्वांत जास्त वेळा ती सिस्ट वाटली होती. गोरी त्वचा आणि आयुष्यभराचे ऊन यांचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, म्हणजे अवयव-प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीबाधित किंवा रक्ताचा जुनाट ल्युकेमिया असलेले रुग्ण, त्यांच्यात धोका अनेक पटींनी वाढतो. समुद्रकिनाऱ्यांची गाणी गाणारे अमेरिकन गायक जिमी बफे सप्टेंबर २०२३ मध्ये याच कर्करोगाने गेले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

भारतात हा आजार आणखी विरळा. म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही. मामुली समजून काढलेली गाठ तपासायला न पाठवता टाकून दिली जाते, हे आपल्याकडे आजही घडते आणि मला ते अक्षम्य वाटते. बाटली लॅबपर्यंत आलीच, तर सोबतच्या फॉर्मवर पुष्कळदा दोनच शब्द असतात, 'गाठ, गाल'. वय किती, गाठ किती आठवड्यांत वाढली, रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत, छातीचा सीटी झाला आहे का, पूर्वी कुठला कर्करोग होता का, यांतली प्रत्येक ओळ स्लाइडइतकीच बोलकी असते. ती लिहायला डॉक्टरांना एक मिनिट पुरते.

लॅबमध्ये तो तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो. मग त्यातले पाणी काढून मेण भरतात, मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि दोन रंगांत रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना निळे-जांभळे करते, इओसिन बाकीच्या भागाला गुलाबी. या कर्करोगाच्या पेशींत केंद्रकाभोवती पेशीद्रव्य जेमतेम असते, म्हणून सगळे क्षेत्रच निळे दिसते.

आधी कमी ताकदीच्या भिंगातून रचना पाहायची. बाह्यत्वचा बहुधा रोगातून वाचलेली असते. तिच्याखाली बरेचदा एक मोकळी पट्टी, आणि त्याखाली अंतस्त्वचेत, कधी पार चरबीपर्यंत, निळ्या पेशींचे थर किंवा एकमेकांत गुंतलेले पट्टे. याच वयात, याच जागी होणारा आणि कितीतरी सौम्य असलेला बेसल सेल कार्सिनोमा इथेच वेगळा काढायला सुरुवात होते, कारण त्याचे पुंजके बाह्यत्वचेला लागून असतात, काठावरच्या पेशी एका रांगेत उभ्या असतात आणि पुंजक्याभोवती फट पडलेली असते. मग ताकद वाढवायची. केंद्रकातले क्रोमॅटिन बारीक आणि सारखे विखुरलेले असते, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे. केंद्रिका जवळपास दिसतच नाही. मेलॅनोमात ती बऱ्याचदा ठळक असते. जिकडे भिंग न्यावे तिकडे विभाजन पावणाऱ्या पेशी, आणि त्यांच्या शेजारीच मरून आकसलेल्या पेशींचे गडद तुकडे. गाठ इतक्या वेगाने का वाढली याचे उत्तर तिथेच समोर असते.

या पेशी नाजूक असतात. बायोप्सी घेताना चिमट्याने तुकडा दाबला गेला तर केंद्रके चिरडतात आणि निळे ओघळ तेवढे उरतात. त्यातून कुठलाही तज्ज्ञ काही वाचू शकत नाही. शिवाय मुख्य गाठीच्या काठापलीकडे, बारीक लसिकावाहिन्यांच्या पोकळीत अडकलेले पुंजके शोधावे लागतात. या कर्करोगात ते वारंवार सापडतात. ते सापडले तर रोग मूळ जागा सोडून पुढे निघाला आहे असे समजायचे.

या आजाराची ओळख पटली तीही टप्प्याटप्प्याने. १९७२ साली सिरिल टोकर या पॅथॉलॉजिस्टने अशा पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पेशींचे पट्टे पाहून त्यांनी 'ट्रॅबेक्युलर कार्सिनोमा' असे नाव दिले आणि मूळ घामाच्या ग्रंथीत असावे असा तर्क केला. सहा वर्षांनी टांग आणि टोकर यांनी अशा गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशींत गडद गाभ्याचे बारीक कण आढळले. असे कण संप्रेरके किंवा चेतासंदेशक साठवणाऱ्या, म्हणजेच न्यूरोएंडोक्राइन पेशींत असतात. घामाच्या ग्रंथीचा तर्क तिथे मागे पडला. त्वचेत असे कण बाळगणारी पेशी ठाऊक होती. १८७५ साली फ्रीडरिश मर्केल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने वर्णन केलेली ती स्पर्शपेशी. बोटांच्या टोकांशी आणि ओठांत या पेशी दाट असतात आणि हलका दाब ओळखतात. दाबाने उघडणाऱ्या पिएझो-२ या प्रथिनावर त्यांचे काम चालते. पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले. कर्करोगाला मर्केलचे नाव रुळले खरे, पण वंशावळ अजून पक्की नाही. मर्केल पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असते, गाठ वाढते अंतस्त्वचेत. ही विसंगती स्लाइडवर रोज दिसते, आणि गाठ नेमक्या कोणत्या पेशीतून उगवते हा वाद चालू आहे.

निदानाचा निर्णायक टप्पा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, लॅबच्या बोलीत नुसते 'इम्युनो'. ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे कापावर सोडायची. ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. इथे सर्वांत कामाचे सीके-२०, केराटिनचा एक प्रकार. १९९२ मध्ये मोल आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी त्याचे निदानातले मोल दाखवून दिले. मर्केल सेल कार्सिनोमात ते पेशीभर पसरण्याऐवजी अनेकदा केंद्रकाच्या कुशीला एकाच जागी ठिपक्यासारखे गोळा होते. तो ठिपका एकदा नीट पाहिला की विसरत नाही. फुफ्फुसातून त्वचेत आलेल्या स्मॉल सेल कर्करोगात बहुधा उलट चित्र असते, सीके-२० नाही आणि टीटीएफ-१ हजर. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि अलीकडचे आयएनएसएम-१ हे मार्कर पेशी न्यूरोएंडोक्राइन असल्याची ग्वाही देतात, पण ती फुफ्फुसाच्या गाठीलाही लागू पडते. त्यामुळे एकट्या मार्करवर विसंबता येत नाही. दहातल्या साधारण एका मर्केल गाठीत तर सीके-२० सुद्धा उमटत नाही. तिथे न्यूरोफिलामेंट मदतीला येते.

सर्वांत मोठा सापळा लिम्फोमाचा आहे, आणि त्याबद्दल तरुण पॅथॉलॉजिस्टांशी मी आग्रहाने बोलते. पॅक्स-५ आणि टीडीटी हे अपरिपक्व बी-पेशींचे मार्कर म्हणून आपण शिकतो. मर्केल सेल कार्सिनोमाच्या बऱ्याच गाठींत हे दोन्ही उमटतात. सीडी-९९ सुद्धा उमटू शकते, ज्यावरून यूइंग सार्कोमाचा संशय येतो. निळ्या पेशी पाहून ज्याने फक्त लिम्फोमाचे पॅनेल मागवले, त्याच्या हातून लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा रिपोर्ट जाऊ शकतो आणि ज्येष्ठ रुग्ण भलत्याच, दीर्घ केमोथेरपीच्या वाटेला लागतो. पांढऱ्या रक्तपेशींचा मार्कर असलेले सीडी-४५ निगेटिव्ह येणे ही धोक्याची सूचना असते. त्या क्षणी केराटिन लावून पाहिले, तर पुढची सगळी फरपट टळते.

२००८ साली या गोष्टीला अनपेक्षित वळण मिळाले. पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेत फेंग, शुदा आणि सहकाऱ्यांनी गाठीतल्या जनुकीय संदेशांचे वाचन केले आणि मानवी असलेले सगळे संदेश संगणकाने वजा केले. शिल्लक राहिलेल्यांत एक अनोळखी विषाणू निघाला. तपासलेल्या दहांपैकी आठ गाठींत तो होता. या मर्केल सेल पॉलिओमा विषाणूचा संसर्ग बहुतेकांना आयुष्यात कधीतरी, पुष्कळांना लहानपणीच होतो आणि काहीही बिघडत नाही. पण क्वचित त्याचा डीएनए पेशीच्या डीएनएत शिरतो, त्याचे लार्ज-टी प्रथिन अर्धवट तुटते, विषाणूची स्वतःची वाढ खुंटते आणि पेशीच्या विभाजनावरचा लगाम मात्र सुटतो. हे प्रथिन दाखवणारे प्रतिपिंडही आता उपलब्ध आहे. ज्या गाठींत विषाणू नसतो त्यांत उन्हाने झालेल्या जनुकीय बिघाडांची रास सापडते. ऑस्ट्रेलियात अशा गाठींचे प्रमाण जास्त आहे.

एवढे सगळे मार्कर लहान गावातल्या लॅबमध्ये नसतात. मग नातेवाईक ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत घालून परळला टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जातात. प्रत्येक मार्करला पैसे लागतात, आणि पापणीवरचा तुकडा इतका लहान असतो की दहा-बारा कापांनंतर ब्लॉकमध्ये काही उरत नाही. अशा वेळी केराटिन, सीके-२०, टीटीएफ-१, सिनॅप्टोफायसिन, सीडी-४५ आणि एक मेलॅनोमाचा मार्कर अशी मोजकी पहिली फेरी लावून मग पुढे जाणे मला शहाणपणाचे वाटते. ब्लॉक जपणे हीसुद्धा रुग्णाची सेवा आहे.

रिपोर्टमध्ये निदानाच्या नावासोबत गाठीची रुंदी, खोली, कडा मोकळ्या आहेत का आणि वाहिन्यांतला शिरकाव या गोष्टी लिहिल्याच पाहिजेत, कारण उपचार त्यांवर ठरतात. हाताला न लागणारी जवळची लसिकाग्रंथी काढून तपासली, तर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत तिच्यात रोग सापडतो. सुट्या पेशी साध्या रंगात निसटतात, म्हणून तिथेही सीके-२० लावतात. नऊ हजारांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या २०१६ मधल्या विश्लेषणात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण गाठ जागेवरच असताना ५१ टक्के, ग्रंथींत पोहोचल्यावर ३५ टक्के आणि दूर पसरल्यावर १४ टक्के होते.

शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराला हा कर्करोग चांगली दाद देतो. पसरलेल्या आजारात केमोथेरपीने गाठी आकसतात, पण लवकरच परततात. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत अव्हेलुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि चित्र बदलले. ते गाठीला थेट मारत नाही, रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवरचा अडसर काढते. आधी केमोथेरपी घेतलेल्या ८८ रुग्णांच्या चाचणीत सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या गाठी आकसल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत हा परिणाम दीर्घकाळ टिकला. पाठोपाठ पेम्ब्रोलिझुमॅबही आले. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाबाबत मात्र निर्णय फार अवघड होतो. प्रतिकारशक्ती मोकळी केली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते, आणि दाबून ठेवली तर गाठ वाढत राहते. अशा रुग्णासाठी ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत कर्करोगतज्ज्ञाच्या शेजारी मूत्रपिंडतज्ज्ञालाही बसावे लागते, आणि औषध सुरू करण्याआधी रुग्णाला व घरच्यांना दोन्ही धोके उघड सांगावे लागतात.