डायव्हर घड्याळ घेताना आकड्यांच्या खोलात जा

पावसाळा सुरू झाला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील घड्याळजींकडे एकाच तक्रारीची घड्याळे येऊ लागतात. काचेच्या आत वाफ धरलेली असते, तबकडीवर डाग पडलेला असतो आणि मागच्या झाकणावर मात्र 'वॉटर रेझिस्टंट' ही अक्षरे ठसठशीत कोरलेली असतात. घड्याळाने दगा दिला, अशी मालकाची भावना होते. प्रत्यक्षात त्या अक्षरांचा अर्थ त्याला दुकानात कुणी सांगितलेलाच नसतो.

पाणी आणि घाम सोसेल, लोकलच्या गर्दीतले धक्के खाईल आणि खिशालाही परवडेल असे घड्याळ शोधणारा ग्राहक मग 'डायव्हर' पद्धतीच्या घड्याळापाशी येऊन थांबतो. फिरणारी कडा, जाड काटे, अंधारात चमकणारे ठिपके असे त्याचे रूप. १९५३ मध्ये ब्लांपेनच्या 'फिफ्टी फॅदम्स'ने आणि रोलेक्सच्या 'सबमरिनर'ने हे रूप रूढ केले. अडचण अशी की, आज हे रूप कोणत्याही घड्याळाला चढवता येते. गुण तेवढ्याने येत नाहीत.

सर्वाधिक गोंधळ मीटरच्या आकड्याचा आहे. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. घड्याळावर ३० मीटर लिहिले असेल, तर नव्या कोऱ्या घड्याळाने प्रयोगशाळेत तेवढा दाब काही काळ सोसला, एवढाच त्याचा अर्थ. ते घड्याळ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरते आणि पावसाच्या सरीपुरतेच समजावे. रोज पोहणाऱ्याने १०० मीटरच्या खाली येऊ नये. २०० मीटर असेल, तर समुद्रातही निश्चिंत राहता येते.

पोहताना हात मारला की दाब कित्येक पटींनी वाढतो, असे विक्रेते सांगतात. हिशेब तसे सांगत नाही. सेकंदाला ५ मीटर या वेगाने पाण्यात हात फिरवला, तरी त्यामुळे वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर खोलीइतका असतो. खरा शत्रू चावी आणि मागचे झाकण यांच्याशी बसवलेल्या रबरी कड्यांचे वय हा आहे. साबण, गरम पाणी, तरणतलावातील क्लोरिन आणि समुद्राचे खारे पाणी यांनी हे रबर कडक होते, त्याला चिरा जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा छातीएवढ्या पाण्यातून घर गाठणाऱ्यांची मनगटे फार तर मीटरभर पाण्याखाली होती. रबर निकामी झालेल्या घड्याळाला तेवढेही पुरते.

खऱ्या डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान १०० मीटरची क्षमता, लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के अधिक दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणे, अशा त्याच्या अटी आहेत. साध्या जलरोधक घड्याळांत नमुन्यादाखल काही घड्याळे तपासली तरी चालतात. येथे पाण्याची चाचणी प्रत्येक घड्याळाला द्यावी लागते. अशा घड्याळावर 'डायव्हर्स २०० मीटर' असे लिहिलेले असते. नुसते 'वॉटर रेझिस्ट २०० मीटर' असेल, तर ते चांगले घड्याळ असू शकते, पण या मानकाचा दावा त्यात नाही.

कड्याची गंमतही समजून घेण्याजोगी आहे. बुडी मारताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे पाण्याखाली किती मिनिटे गेली ते थेट वाचता येते. खरे कडे एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. त्यामुळे पाणबुड्या हवा संपण्याआधीच वर येतो. तारकर्लीला स्कूबासाठी जाणाऱ्या पर्यटकासोबत प्रशिक्षक असतो आणि हिशेब संगणक ठेवतो, हा भाग वेगळा. मुलुंडच्या घरात हे कडे कुकर लावल्यावर जास्त उपयोगी पडते. दुकानात ते फिरवून पाहावे. दोन्ही दिशांना फिरले किंवा हललेच नाही, तर ती शोभा आहे.

किमतीच्या बाबतीत कॅसिओचे 'ड्युरो' दहा हजारांच्या आत मिळते आणि ते या वर्गातील सर्वांत व्यवहारी घड्याळ म्हणावे लागेल. २०० मीटरची क्षमता, आटे असलेली घट्ट बसणारी चावी, महिन्याला २० सेकंदांच्या आतबाहेर चूक. मात्र त्याचा व्यास ४४ मिलिमीटरच्या आसपास असल्याने बारीक मनगटावर ते ताटासारखे दिसते. त्यावर 'डायव्हर्स' लिहिलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. बरेच जास्त पैसे मोजण्याची तयारी असेल, तर सिटिझनची प्रकाशावर चालणारी 'प्रोमास्टर' घड्याळे सेल बदलण्याची कटकट वाचवतात; ओरिएंटची स्वयंचलित घड्याळेही दणकट आहेत.

सेइकोच्या चाहत्यांनी थोडे सावध असावे. १९९६ मध्ये आलेले आणि जगभर गाजलेले 'एसकेएक्स ००७' आता बनत नाही. २०१९ पासूनच्या 'सेइको ५ स्पोर्ट्स'चा तोंडवळा हुबेहूब तसाच आहे, पण क्षमता १०० मीटर असून चावीला आटे नाहीत. पावसाला आणि पोहायला ते पुरेसे आहे, मात्र ते त्या जुन्या डायव्हरचे वारस म्हणून घेऊ नये. शिवाय त्यातील स्वयंचलित यंत्र कंपनीच्याच मर्यादेनुसार दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाऊ शकते. ८.१२ची लोकल पकडणाऱ्याने विचार करावा.

परदेशी संग्राहकांच्या तोंडी 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. जुन्या एचएमटी, सेइको किंवा फाव्र-लुबा घड्याळांना नवी रंगवलेली तबकडी आणि इकडचे-तिकडचे सुटे भाग बसवून ती विकली जातात, त्यांना हे नाव पडले. फाव्र-लुबाने १९६८ मध्ये खोली दाखवणारे 'बॅथी' काढले होते, आणि तिची 'सी किंग', 'सी चीफ' ही घड्याळे भारतात घरोघरी होती. नावातल्या समुद्राला भुलून असे रंगवलेले घड्याळ पाण्यात नेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच. हौस म्हणून कपाटात ठेवायला ती छान असतात.

पट्ट्यावर फार खल करण्याचे कारण नाही. चामड्याचा पट्टा जून ते सप्टेंबर काढून ठेवावा, त्याला बुरशी आणि दुर्गंधी दोन्ही येतात. रबर, नायलॉन किंवा पोलाद चालेल. पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या बारीक काड्या मात्र दर वर्षी पाहून घ्याव्यात. घड्याळ रुळांवर पडते ते त्या तुटल्यामुळे.

उरतो सेल बदलण्याचा प्रश्न, आणि बहुतेक जलरोधक घड्याळे तिथेच जायबंदी होतात. रस्त्यावर पाच मिनिटांत सेल बदलून मिळतो, पण झाकण उघडल्यावर जुने रबर तसेच परत दाबले जाते आणि दाबाची चाचणी होत नाही. त्या क्षणापासून २०० मीटरचा आकडा निव्वळ कोरीव काम होऊन बसतो. कंपनीच्या सेवा केंद्रात खर्च अधिक येतो आणि घड्याळ काही दिवस ठेवूनही घेतात. तिथे घड्याळ देतानाच रबरी कडी नवी बसवण्यास आणि चाचणी झाल्याचे पावतीवर लिहून देण्यास सांगावे. पाऊस तोंडावर असेल, तर हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.