तलावातील गाळ आणि शासनाचे अनुदान : कोणाला, किती आणि कसे?

मानोरा तालुक्यात पेरणीला पाऊस चांगला झाला तर बाजारात उधारी वसूल होते; विहिरी आटल्या तर कापडवाल्यापासून लोहारापर्यंत सर्वांचे गल्ले आटतात. म्हणून गावचा तलाव हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न नाही. ज्या बांधवांचे दुकान तालुक्याच्या गावी आणि दोन-तीन एकर शेत खेड्यात आहे, ज्यांचा ट्रॅक्टर भाड्याने चालतो किंवा जे जेसीबी दुरुस्तीचे काम करतात, त्यांनी तलावासंबंधीची शासकीय योजना नीट समजून घ्यावी.

येथे पैसा कशासाठी मिळतो?

अमेरिकेत १९९० च्या शेती कायद्याने एक योजना सुरू झाली. पाणथळ जमीन बुजवून पीक काढण्याऐवजी ती पुन्हा पाणथळ करण्यास शेतकरी तयार झाला, तर सरकार त्याला मोबदला देते. मालकी त्याचीच राहते, मात्र तीस वर्षे किंवा कायमचे बंधन स्वीकारावे लागते. २०१४ पासून हे काम तेथे दुसऱ्या मोठ्या योजनेत चालते.

आपल्याकडे पाणथळ जमीन नुसती राखली म्हणून शेतकऱ्याला पैसे मिळतील, अशा आशेवर राहू नये. येथे अनुदान मिळते ते दोन कामांना : तलावातील गाळ काढून शेतात टाकणे आणि स्वतःच्या शेतात शेततळे खोदणे. शेततळ्यासाठी २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल ५०,००० रुपये मिळत. २०२२ पासून ही मर्यादा ७५,००० रुपये झाली असून अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो.

गाळाची योजना

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली. तेव्हा गाळ फुकट होता, पण वाहतूक शेतकऱ्याच्या पदरची होती. त्यामुळे ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याला लाभ झाला आणि गरीब शेतकरी काठावरच राहिला. जानेवारी २०२३ मध्ये योजना नव्याने सुरू करताना ही उणीव दूर करण्यात आली. आता सीमांत (एक हेक्टरपर्यंत) आणि लहान (दोन हेक्टरपर्यंत) शेतकऱ्यांना दर घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे अनुदान ठरले आहे. मर्यादा एकरी १५,००० रुपये आणि जास्तीत जास्त अडीच एकर, म्हणजे एकूण ३७,५०० रुपये. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकरीही यात येतात.

तलाव पाच वर्षांहून जुना आणि लाभक्षेत्र ६०० हेक्टरपर्यंतचे असावे. वाळू काढण्यास सक्त मनाई आहे. गाळ शेतात टाकण्यासाठीच मिळतो, विकण्यासाठी नाही. वीटभट्टीवाल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. भट्टीसाठी माती हवी असेल तर तहसीलमधून गौण खनिजाचा रीतसर परवाना घ्यावा. शेतकऱ्याच्या नावावर गाळ उचलून भट्टीवर उतरवणे दोघांनाही अडचणीत आणील.

ट्रॅक्टरवाल्यांचा हिशेब

एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. त्या दराने एका ब्रासमागे सुमारे १०१ रुपये पडतात आणि एका एकराला साधारण १४० ते १५० ब्रास गाळ बसतो. जमिनीवर हा थर चार इंचांच्या आसपास होतो. आता डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि टायरची झीज धरून पाहा : शेत तलावालगत असेल तर एवढ्यात भागू शकते, तीन-चार किलोमीटरवर असेल तर वरचा फरक शेतकऱ्याला द्यावा लागेल. हे आधीच बोलून घ्यावे.

दुसरी गोष्ट, अनुदान काम झाल्यावर, मोजमाप व तपासणीनंतर मिळते आणि ते शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, ट्रॅक्टरवाल्याच्या नाही. तोंडी उधारीवर शंभर फेऱ्या मारून नंतर भांडत बसण्यापेक्षा दर, फेऱ्या आणि पैसे देण्याची मुदत साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. प्रत्येक फेरीची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. जाणता व्यापारी भावाशीही हिशेब लिहूनच करतो.

तलाव राखून काम करावे

गाळ काढणे म्हणजे तलाव खणून काढणे नव्हे. साचलेला गाळ निघाला की मूळ तळाशी थांबावे. मुरूम फोडू नये आणि पाळीच्या पायथ्याशी यंत्र लावू नये. काठाची उथळ उतरण तशीच ठेवावी. मासळी तेथेच वाढते, पाखरे तेथेच चरतात आणि जनावरे तेथूनच पाण्यात उतरतात. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला लाभतो. आधीच भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात तो टाकून उपयोग थोडा.

नैसर्गिक पाणथळ जागांना २०१७ च्या केंद्रीय नियमांचे संरक्षण आहे. तेथे भराव, अतिक्रमण आणि कचरा टाकण्यास बंदी आहे. सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांत येत नाहीत. म्हणजे आपल्या गावच्या पाझर तलावाची राखण मुख्यतः गावालाच करावी लागणार.

आता काय करावे?

योजना ग्रामपंचायत व स्वयंसेवी संस्थांमार्फत राबवली जाते. आपला तलाव यंदाच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा जलसंधारण कार्यालयात विचारावे. नसल्यास ग्रामसभेत मागणी नोंदवावी. सातबारा, आठ-अ आणि आधार जोडलेले बँक खाते तयार ठेवावे. सातबारावर अजून आजोबांचे नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्यावी; कसणारा एक आणि कागदावर दुसरा असला की अनुदान अडकते. गाळ उन्हाळ्यात, तलाव कोरडा असतानाच निघतो. जूनचा पहिला पाऊस पडला की वर्ष गेले. तेव्हा कागदांचे काम हिवाळ्यातच उरकावे.