ब्रेकचे पेडल जड का होते?

कला शाखेच्या अंकात ट्रकच्या ब्रेकचे काय काम, असे कोणी विचारील. पण आपल्या जिल्ह्यातील मिरची, पपई आणि धान्य ज्या गाड्यांतून येते-जाते, त्यांना घाट चुकत नाही. धुळे जिल्ह्यातून विसरवाडीकडे उतरणारा कोंडाईबारी, धडगावच्या वाटेवरचा चांदसैली, मोलगीच्या वाटेवरचा देवगोई! अशा उतारावर पेडल दगडासारखे जड झाले, तर प्रश्न केवळ मालाचा राहत नाही.

मोठ्या मालट्रकना आज दाबाच्या हवेवर चालणारे एअर ब्रेक असतात. मात्र १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ सारख्या लहान ट्रकमध्ये तेलाच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरची जोड असते. दिसायला हा पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. त्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिनावर चालणारा पंप ओढून घेतो. पेडल दाबताच मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते.

हवेला वजन आहे, तिचा दाब मोजता येतो, हे टॉरिचेलीने १६४३ च्या प्रयोगात दाखविले. तोच दाब येथे कामाला येतो. पडद्याचा व्यास २५ सें. मी. धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. सें. मी. भरते. दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौ. सें. मी. ला ०.७ किलोचा फरक असला, तरी सुमारे ३४० किलोंचा जोर मिळतो. ही मदत बंद पडली की सारा भार ड्रायव्हरच्या पायावर येतो.

दोष ओळखण्यास प्रथम पानाही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर काम करीत नाही.

दुसरी : इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि काही मिनिटांनी पेडल दाबावे. पहिला दाब हलका लागून पुढचे क्रमाने जड झाले, तर व्हॅक्यूम टिकतो. पहिलाच जड लागला, तर चेक व्हॉल्व्ह किंवा पाइप गळतो आहे.

तिसरी : इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे आणि इंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटात पेडल पायाला वर ढकलू लागले, तर कोठेतरी हवा शिरते आहे. दाबल्यावर फुसफुस सतत ऐकू येत असेल, तर पडद्याचा किंवा आतल्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा.

पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडर तपासावा. स्पंजासारखे लागत असेल, तर तेलात हवा आहे. हे दोष बूस्टर बदलून जात नाहीत.

दुरुस्ती स्वस्त वस्तूपासून सुरू करावी : आधी पाइप आणि क्लिपा, मग चेक व्हॉल्व्ह, मग पंप, शेवटी बूस्टर. चेक व्हॉल्व्हमधून हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. पाण्याचा साधा पाइप जोडू नये. आतल्या ओढीने तो चपटा होतो. डब्यात जोरदार स्प्रिंग असते, म्हणून तो रस्त्याकडेला उघडू नये. नवा बूस्टर बसविताना पुशरॉडची लांबी जुळवावी; ती जास्त झाली तर ब्रेक धरून राहतात. ब्रेकचे पाइप सोडले असतील, तर पुन्हा तेलातील हवा काढावी. मग मोकळ्या मैदानात तपासून गाडी घाटात न्यावी.

एक गोष्ट मात्र बूस्टर चांगला असला तरी लक्षात ठेवावी. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले की पंपही थांबतो. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि गाडीला रोखणारा गिअरही कामी येत नाही. वाचलेल्या डिझेलची किंमत अशा वेळी फार भारी पडते. म्हणून घाट लहान गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवूनच उतरावा; आणि पेडल जड लागू लागले, तर घाटाच्या माथ्यावरच थांबावे.