‘पोटेमकिन’चं बंड: परदेशी बातम्यांतलं खरं किती?

२७ जून १९०५ रोजी काळ्या समुद्रात ‘पोटेमकिन’ या रशियन युद्धनौकेवरच्या खलाशांनी बंड केलं. कप्तान गोलिकोव्हसह सात अधिकारी मारले गेले आणि अकरा दिवस जहाज बंडखोरांच्या हाती राहिलं. झारच्या राज्यात सेन्सॉर कडक होता. त्यामुळे जगाला ही हकिकत कळली ती मुख्यतः परदेशी वार्ताहरांच्या आणि वकिलातींच्या तारांमधून. त्या तारांवर नंतर सिनेमाचा थर चढला. आज आपण जे ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून सांगतो, ते या दोन्हींचं मिश्रण आहे आणि ते वेगळं करून पाहायला हवं.

सर्वांत पक्का रुजलेला समज काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या जिन्याचा. पायऱ्यांवरून बंदुका रोखून उतरणारे सैनिक, गडगडत जाणारी बाबागाडी, आणि जोडीला ठरलेला पुरावा: ‘लंडनच्या टाइम्सनंही गोळीबाराची बातमी दिली होती.’ बातमी दिली होती, हे खरं. ब्रिटिश वकिलातीनंही सैन्यानं जमावावर गोळ्या चालवल्याचं कळवलं होतं. पण ती बातमी जिन्यावरच्या त्या दृश्याची नव्हे. जहाज ओडेसाला आल्यावर २८ जूनला, बंडात मारला गेलेला खलाशी वाकुलेनचुक याचं शव धक्क्यावर ठेवलं गेलं. शहरात आधीच संप पेटलेला असल्यानं हजारो लोक बंदरात लोटले. संध्याकाळी गोदामं लुटली जाऊ लागली, आगी लागल्या. सैन्यानं बंदराला वेढा घालून वर शहरात जाण्याच्या वाटा रोखल्या होत्या. पुढे आग आणि मागे बंदुका, अशा कोंडीत रात्रभर माणसं मेली. मृतांचा आकडा बातमीगणिक बदलत गेला, पण तो लहान नव्हता हे नक्की. जिन्यावरचं हत्याकांड सिनेदिग्दर्शक आयझेनस्टाईननं १९२५ साली पडद्यावर रचलं. म्हणून कत्तलच झाली नाही, असं म्हणणारेही चुकतात. त्या रात्री बंदरात जे घडलं ते सिनेमापेक्षा कमी भयानक नव्हतं.

याच आगीतून दुसरा समज निघाला. दुरून बातमी वाचणाऱ्याला एकाच तारेत युद्धनौका, तोफा आणि जळतं शहर दिसलं, आणि जहाजानं ओडेसा बेचिराख केलं असा अर्थ त्यानं लावला. जहाजानं तोफा डागल्या, पण त्या दुसऱ्या दिवशी, वाकुलेनचुकच्या अंत्ययात्रेनंतर. आधी इशाऱ्याचे पोकळ बार झाले आणि मग दोनच खरे गोळे सुटले. नेम नाट्यगृहावर होता, कारण तिथे लष्करी अधिकाऱ्यांची बैठक असल्याचं कळलं होतं. दोन्ही गोळे नेम चुकून पलीकडे गेले. बंदर तोवर जळून गेलं होतं.

बंड किडक्या मांसामुळे झालं, ही गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. मांसात अळ्या होत्या, जहाजाच्या डॉक्टरनं ते खाण्याजोगं ठरवलं आणि खलाशांनी सूप नाकारलं. वाकुलेनचुकच्या शवावर ठेवलेल्या चिठ्ठीतही सुपाची तक्रार केली म्हणून मारल्याचं लिहिलं होतं. तेवढंच वार्ताहरांच्या हाती लागलं आणि तेच तारेनं गेलं. घाईत काही बातम्यांनी मृत खलाशाचं नावही ‘ओमेलचुक’ असं चुकीचं दिलं. सेवास्तोपोलमधली खलाशांची गुप्त समिती संपूर्ण ताफ्याच्या उठावाची तयारी करत होती, हे मात्र धक्क्यावर उभ्या असलेल्या कुणाला दिसणार नव्हतं. शिवाय महिन्यापूर्वीच, जपानशी चाललेल्या युद्धात, त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपाननं रशियाचं आरमार बुडवलं होतं. मांस हे निमित्त होतं आणि ते ठरलेल्या वेळेआधी आलं.

‘शत्रूच्या घरी आग लागली म्हणून परदेशी वृत्तपत्रं खूश झाली,’ हा समज तर मला सर्वांत उथळ वाटतो. ब्रिटनचा १९०२ पासून जपानशी करार होता. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये रशियन ताफ्यानं उत्तर समुद्रात ब्रिटनच्या हल बंदराच्या मच्छीमार बोटींवर गोळे डागले होते, त्याचा राग ताजा होता. त्यामुळे झारची नाचक्की तिथल्या वाचकांना रुचणारी होती. पण सगळं सामर्थ्य आरमारावर उभं असलेल्या देशाला खलाशांनी अधिकारी मारून समुद्रात फेकावेत, हे कसं रुचणार?

फ्रान्सचं चित्र आणखी गुंतागुंतीचं. रशिया त्याचा मित्र, आणि लाखो फ्रेंच कुटुंबांची बचत रशियन कर्जरोख्यांत अडकलेली. झारच्या अर्थखात्याचा पॅरिसमधला प्रतिनिधी आर्थर राफालोविच फ्रेंच वृत्तपत्रांना पैसे वाटत होता. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर हा खर्च वाढला. रोख्यांचा भाव टिकावा म्हणून बातमीचा सूर विकत घेतला जात होता! त्याची पत्रं क्रांतीनंतर बाहेर आली, आणि १९२३ च्या अखेरीपासून ती ‘ल्युमानिते’ या फ्रेंच वृत्तपत्रानं छापली. हेच ‘ल्युमानिते’ १९०५ साली जाँ जोरेस या समाजवादी नेत्याच्या हाती होतं. तेव्हा ‘फ्रेंच वृत्तपत्रांचं मत’ असं एक काही नव्हतंच. कुणाच्या पैशावर कोणतं वृत्तपत्र चालतं, हे आधी पाहावं लागतं.

तारखांचा घोळ थोडक्यात: रशियन पंचांग तेव्हा १३ दिवस मागे होतं. रशियन कागदांतला १४ जून म्हणजे लंडनचा २७ जून. म्हणजे बातमी दोन आठवडे दडपली गेली, हा समजही चूक.

संपूर्ण काळ्या समुद्राचा ताफा फितूर झाला, ही समजूतही टिकत नाही. ३० जूनला पाठलागावर आलेल्या ताफ्यानं पोटेमकिनवर तोफ डागली नाही, एवढं खरं. ‘गिओर्गी पोबेदोनोसेत्स’ हे एक मोठं जहाज बंडखोरांना मिळालं, पण दुसऱ्याच दिवशी फिरलं आणि ओडेसाजवळ रुतून बसलं.

उरला ‘चाच्यांचं जहाज’ हा शिक्का. बंडखोरांनी ओडेसात कोळशाचं जहाज ताब्यात घेतलं, हे नाकारता येत नाही. पण रुमानियातल्या कॉन्स्टांत्सा बंदरात पोहोचल्यावर त्यांच्या समितीनं सगळ्या युरोपीय सत्तांना उद्देशून जाहीरनामा काढला: आमचा लढा झारशाहीशी आहे, परदेशी जहाजांना आणि बंदरांना आमच्याकडून धोका नाही. चाचे असा कागद काढत नाहीत. रुमानियानं कोळसा आणि अन्न नाकारलं. क्रिमियातल्या फिओदोसिया बंदरात अन्न मिळालं, पण कोळसा आणायला उतरलेल्या खलाशांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. ८ जुलैला पोटेमकिन पुन्हा कॉन्स्टांत्साला आलं आणि खलाशी रुमानियाला शरण गेले. तिथे ख्रिस्तियान राकोव्स्की हा समाजवादी त्यांच्या मदतीला धावला. जहाज रशियाला परत मिळालं आणि त्याचं नाव बदलून ‘पान्तेलेमोन’ ठेवण्यात आलं. बंडाचा पुढारी मात्युशेन्को १९०७ साली रशियात परतला, पकडला गेला आणि सेवास्तोपोलला फासावर गेला.